जतच्या आजींचं उत्तर

सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलात मी सरकारी आरोग्य योजनेच्या टेबलावर काम करायचे. साताऱ्याहून नवीन आले तेव्हा वाटलं होतं, रेशनकार्ड तपासायचं, कागद अपलोड करायचे आणि मंजुरी येईपर्यंत नातेवाइकांना धीर द्यायचा, एवढंच काम. खरी कसरत वेगळीच निघाली.

योजनेत प्रत्येक ऑपरेशनला पॅकेज ठरलेलं असे. औषधं, खाट, जेवण सगळं त्यातच. पेशंट चार दिवस राहिला काय नि आठ दिवस राहिला काय, हॉस्पिटलला मिळायचं तेवढंच. शिवाय हॉस्पिटलला गुण मिळायचे. पेशंट त्याच दुखण्यासाठी परत भरती झाला का, घरी गेल्यावर फोन करून विचारलं तर समाधानी होता का, यावर ते ठरत. गुण चांगले असले की पॅकेजवर थोडी वाढ मिळे. म्हणजे एक नियम सांगायचा, लवकर घरी पाठवा. दुसरा सांगायचा, नीट बरं करून पाठवा. या दोहोंच्या ओढाताणीत आमचे मॅनेजर सापडलेले असत, आणि त्यांच्यासोबत मी.

त्यातच जत तालुक्यातल्या एक आजी आल्या. मेंढ्यांमागं फिरून काटक झालेली बाई, पण टँकरच्या पाण्यासाठी धावताना घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सोबत सून होती. आजी निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायच्या. ऑपरेशन छान झालं. दुसऱ्याच दिवशी आमच्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं वॉकर आणून त्यांना उभं केलं.

"साक गं यव्वा, साक," आजी कळवळून म्हणाल्या. साक म्हणजे पुरे, हे सुनेनं आम्हाला सांगितलं.

"अजून दोनच पावलं, आजी," ती मुलगी म्हणाली आणि तिनं चार चालवली.

चौथ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "मॅडम, त्या खाटेचं बघा. आज सोडता येईल ना?"

मी सुनेशी आधीच बोलले होते. घराला उंच पायरी, संडास आवारापलीकडं, आणि सून दिवसभर रानात. मी तेवढं सगळं मॅनेजरना सांगितलं. "आता सोडलं आणि परत पडल्या, तर इथंच येतील, साहेब. मग गुणही जातील."

त्यांनी खाटांची यादी पुन्हा एकदा चाळली. "अजून तीन दिवस," ते म्हणाले. "पण पायरी चढायला शिकवूनच पाठवायचं."

त्या तीन दिवसांत फिजिओवाल्या मुलीनं आजींना जिन्याची पहिली पायरी इतक्यांदा चढवली की सूनसुद्धा म्हणाली, "आवं, जरा दमानं घ्या." आजी तिच्याशी बोलेनात. जाताना मात्र तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

पुढं महिनाभरानं गुणांची यादी आली. आजींच्या नावापुढं उत्तर होतं, समाधानी नाही. फोनवर त्यांनी सांगितलं होतं, "पैसं घेतलं न्हाईत, जेवान बरं व्हतं. पन पाय दुखतोय म्हनलं तरी लय चालवलं. खोटं कशाला बोलू?"

मला वाईट वाटलं, फिजिओवालीला त्याहून जास्त. ती दुपारचा डबा न उघडताच बसली. मॅनेजरनी मला बोलावलं. "फोनवर काय सांगायचं ते पेशंटला आधीच समजावून द्या."

"ते मला जमणार नाही, साहेब. पण दुखत असतानाही आपण का चालवतो, हे आधीच समजावू शकते."

"बघा," म्हणत त्यांनी पुढची फाइल ओढली. त्यानंतर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी आणि ती मुलगी पेशंटच्या खाटेजवळ बसू लागलो. उद्या दुखेल, तरी का उठायचं, न उठल्यास काय होतं, हे त्यांच्या शब्दांत सांगायचो. ओरडणारे ओरडायचेच. पण हे छळ करतायत असं कोणाला वाटेनासं झालं, आणि पुढच्या यादीत ते दिसलंही.

आजी तपासणीला आल्या तेव्हा काठी टेकत, सुनेचा हात न धरता आत आल्या. फोनवरचं त्यांचं उत्तर आमच्या गुणांच्या यादीत आलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्या एकदम गंभीर झाल्या.

"त्या पोरीचं काय नुस्कान झालं का?"

"नाही, आजी."

"मग परत फोन आला तर काय सांगू?"

"तुम्हाला वाटेल तेच सांगा."

त्यांनी थोडा विचार केला. "लय चालवलं, ते सांगनारच. पन चालतीया, हेबी सांगीन."

तेवढ्यात ती मुलगी जिन्यावरून खाली आली. आजींनी काठी माझ्याकडं दिली, तिचा दंड धरला आणि दोघी व्हरांड्यातून सावकाश चालत गेल्या. मी टेबलावरचे कागद बाजूला सारून त्यांच्याकडं बघत राहिले.