वरणातला गूळ

आमच्या नातीच्या पोटाला इन्सुलिनचं एक यंत्र चिकटवलेलं आहे आणि माझं त्याच्याशी दहा दिवस भांडण चाललं होतं. त्याला ते माहीत नव्हतं.

नात परी, तेरा वर्षांची. लहानपणापासून साखरेचा आजार. यंत्र मोठं हुशार, साखर वाढली की इन्सुलिन वाढवतं, उतरली की आपणच थांबवतं. आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर दिसतो. माझ्याही! (ही संजूची, माझ्या मुलाची, सगळ्यात मोठी चूक.)

परीला शाळेच्या दोन दिवसांच्या सहलीला जायचं होतं. संजू म्हणाला, "दहा दिवस आकडा नीट राहिला तर जा."

आता नीट म्हणजे काय, तर शंभर-सव्वाशे. मला बाई शंभर म्हणजे पोर विहिरीच्या काठावर उभी वाटते! एकदा पन्नासावर आली होती, तेव्हा थरथरणारे हात मीच धरले होते. म्हणून मी रोज तिच्या वाटीतल्या वरणात हळूच गुळाचा खडा विरघळवू लागले. सुरतेत वरण गोडच करतात, शंका कुणाला येणार? इथल्याच उधन्यात चाळीस वर्षं काढलीत आम्ही. उलट परी म्हणाली, "आजी, आज एकदम मस्त!"

मी आकडा वर ढकलायची, यंत्र खाली ओढायचं. मी खडा मोठा केला. दोनशे ऐंशी! घरभर मोबाइल बोंबलायला लागले.

"चोरून काय खातेस?" संजू कडाडला.

"पप्पा, साचुं कहुं छुं, कंई नथी खाधुं!" रडकुंडीला आली की पोर कधी कधी गुजरातीत शिरते; खरं सांगते, काही खाल्लं नाही, म्हणत होती.

दप्तराची झडती झाली. सूनबाईनं साखरेच्या डब्याला कुलूप लावलं. (माझं काय अडलं? मी तर गूळवाली!) आणि मी पुढे होऊन काय म्हणावं? "खरं बोलावं बाळा, देव बघतो." हो, मीच!

सहल रद्द. त्या दिवशी परी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी संजूनं दवाखान्यात स्पीकरवर फोन लावला. तिकडून सिस्टर म्हणाल्या, "यंत्रच बिघडलेलं दिसतंय. काढून पाठवा. तोवर दिवसातून चार-पाच सुया."

परीनं दोन्ही हातांनी पोट झाकलं. "पप्पा, सुया नको ना! मी खरंच काही खाल्लं नाही!"

"अरे संज्या, ठेव तो फोन!" मी ओरडले. "यंत्र चांगलं आहे रे. मी गूळ घालते वरणात!"

फोनमधून सिस्टरचा आवाज आला, "किती घालता, आजी?"

"लिंबाएवढा."

"रोज?"

"एकादशी सोडून."

सूनबाई भिंतीकडे तोंड करून हसत होती की रडत होती, कळलं नाही. संजूनं पोरीची माफी मागितली, मीही मागितली आणि सहलीची परवानगीही परत मिळाली. परी म्हणाली, "तू तर म्हणालीस, देव बघतो!" आणि लगेच बॅग भरायला पळाली.

सहलीचे दोन्ही दिवस आकडा सुतासारखा सरळ. परत आल्यावर टीचरनं कौतुकानं फोन केला, "पोर इतकी व्यवस्थित राहिली! घरी काय अडचण येते हो हिला?"

संजूनं फोन माझ्यापुढे धरला. म्हणाला, "टीचर, थांबा हं. अडचणीशीच बोला."