जग वाचवणारी स्वयंपाकीण

रविवारी आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मी जिंकलो! या वयात असं ओरडून सांगायला जरा लाज वाटते... पण सांगतोच.

माझी नात मुग्धा आणि तिचे ताथवड्याच्या कॉलेजातले मित्र एक जाडजूड इंग्रजी फँटसी मालिका वाचतात. तिच्या नादाने मीही लागलो, भिंग घेऊन. त्यात एका आंधळ्या म्हातारीने तारणहाराविषयी सांगितलेलं एक भाकीत आहे. चालीवर म्हणता यावं म्हणून मी त्याचं मराठी केलं...

राखेखाली निखारा जपतील जे हात,
त्यांच्यापुढे विरेल हिवाळ्याची रात.

हे हात कुणाचे? पोरांच्या थिअऱ्याच थिअऱ्या! बहुतेकांचं मत राजपुत्राला. त्याच्याकडे पेटती तलवार आहे ना...

ग्रुपचा नियम असा, की शेवटचा खंड आला की शेवटचं प्रकरण सोडून बाकीचं वाचायचं. ज्याची थिअरी खरी ठरेल, त्याने ते प्रकरण सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. मला तो मान हवा होता. शाळेत कविता म्हणायला पहिला हात माझा वर असायचा. पुढे कंपनी, शिफ्ट, ओव्हरटाइम... तिथे कोण कविता म्हणायला सांगतंय!

मराठीच्या पेपरात प्रश्न असायचा, 'कोण कोणास म्हणाले?' सवयीने मी तेच आधी शोधलं. ते भाकीत आंधळ्या म्हातारीने दरबारात सांगितलंच नव्हतं. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात, चूल पेटवणाऱ्या स्वयंपाकिणीला सांगितलं होतं. राजपुत्र दाराआडून ऐकत होता, एवढंच! त्याने ते स्वतःवर ओढून घेतलं, आणि वाचकांनीही मान डोलावली.

मी हे मांडलं आणि हशा पिकला.

"आजोबा, म्हणजे जग मावशी वाचवणार? पोळ्या लाटून?" मुग्धाचा मित्र ओंकार म्हणाला.

"राव, उपाशीपोटी तुझा राजपुत्र तरी काय वाचवणार?"

मुग्धासुद्धा कुजबुजली, "आबा, प्लीज... ती साइड कॅरेक्टर आहे." तेव्हा मात्र मन थोडं खट्टू झालं.

मग शेवटचा खंड आला. माझं वाचन संथ, मुग्धा पुढे निघून गेली. एका संध्याकाळी पुस्तक छातीशी धरून माझ्या खोलीच्या दारात उभी...

"आबा, तलवार विझली."

"आणि?"

"मावशी निघालीय. बर्फातून. मडक्यात राखेखाली निखारे घेऊन!"

मी पलंगावरून उडी मारायचा तेवढा राहिलो.

रविवारी ओंकारनेच माझ्यासाठी खुर्ची मधोमध ओढली. "बसा आजोबा. हरलो आम्ही." वर दोन्ही हात जोडले नाटकी पठ्ठ्याने.

मी वाचलं. माझं इंग्रजी आमच्या गावच्या वळणाचं, पण कुणी हसलं नाही. शेवटचं पान संपवून मान वर केली तर ओंकार नाक ओढत होता.

पोरांनो, मनापासून आभार. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी म्हणालं, 'आता तुम्ही वाचा...'