दार बाहेरून बंद आहे

भाजलेल्या कॉफीचा वास आला की मला शहरातल्या सी-स्कीम भागातला माझा इटालियनचा वर्ग आठवतो, कारण त्याच्या खालीच कॉफीचे दुकान होते. विद्यार्थी निरनिराळ्या हेतूंनी येत: कुणाला पर्यटकांना किल्ले दाखवायचे असत, कुणाला त्या भाषेचा गोडवाच पुरेसा वाटे. एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नीने मात्र पहिल्याच दिवशी विचारले, "मॅडमजी, 'दार बाहेरून बंद आहे' कसं म्हणायचं?" "अहो, कुणाला कोंडायचा विचार आहे?" मी थट्टेने म्हणाले. ती हसली नाही. "मतलब, माझ्यासाठी नाही. धाकटी बहीण लग्न होऊन मिलानला गेलीय. शेजारणीला हाक मारून सांगेल, पण तिथली भाषाच येत नाही तिला." तेवढ्यात बहिणीचाच फोन आला. मी वाक्याचे तुकडे पाडून एकेक सावकाश उच्चारला आणि पलीकडचा दबका आवाज तो गिरवू लागला. शेवटच्या तुकड्याआधी कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. तो पुन्हा लागला नाही, आणि ती बाईही पुन्हा वर्गाला आली नाही. आता प्रत्येक नव्या वर्गात मी मुळाक्षरांच्याही आधी "मला मदत करा" हे वाक्य शिकवते. विद्यार्थी हसतात, परंतु प्रत्येकाला ते पाठ झाल्याखेरीज मी पुढे सरकत नाही.