आर्डिथने पाहिलेला न्यायाधीश

आमच्या गावात बायडलमन आडनावाचं कुत्रं जरी निवडणुकीला उभं राहिलं, तरी निवडून येईल. आमच्या शाळेचे कोच बायडलमन जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी फुटबॉलमध्ये राज्याचं विजेतेपद आणलं ते कोणी विसरायला तयार नाही. त्यात ओहायोत न्यायाधीशही मतदानाने निवडतात, आणि तेव्हा त्यांच्या नावापुढे मतपत्रिकेवर पक्ष छापत नसत. ओळखीचं आडनाव दिसलं की लोक त्यावर खूण करून मोकळे. म्हणून अपील कोर्टाच्या जागेसाठी टॉड बायडलमन नावाचा वकील उभा राहिला, तेव्हाच निकाल लागल्यात जमा होता. कोचशी त्याचं नातं? छे! कुठल्या दूरच्या शहरातला तो. पण विचारतो कोण?

त्याच्याविरुद्ध होते जुने न्यायाधीश वेंडेल स्ट्राम. आणि स्ट्राम म्हटलं की गाव आर्डिथ नॉफझिगरच्या तोंडाकडे बघायचं.

आर्डिथ माझी शेजारीण. शाळेची बस चालवायची. हाडापेराने मजबूत, आणि आवाज असा की मागच्या सीटवरचा दंगा एका हाकेत थंड. नवरा लवकर गेला, एकुलता एक लाइल तिने एकटीने वाढवला. तो लाइल एका दुकानावरच्या दरोड्यात सापडला. बंदूक दुसऱ्याच्या हातात होती, गाडीत हा बसून होता. शिक्षा जबर झाली. अपील तीन न्यायाधीशांपुढे गेलं, आणि ते फेटाळणारा निकाल स्ट्राम यांनी लिहिला.

त्या सुनावणीला आर्डिथ ठेवणीतला पोशाख करून, पर्समध्ये लाइलचा शाळेतला फोटो घेऊन गेली होती. आईला दोन शब्द बोलू देतील, असं तिला वाटलं. दारावरचा शिपाई म्हणाला, "बाई, इथे साक्षीदार नसतात. आरोपीलासुद्धा आणत नाहीत. वकील बोलतात आणि हे तिघं ऐकतात. खालच्या कोर्टाने चूक केली का, एवढंच बघायचं." फोटो पर्समध्येच राहिला. तिथे काय झालं ते तिने कधी सांगितलं नाही, मलाही नाही आणि लाइललाही नाही. तुरुंगातून त्याने फोनवर विचारलं की म्हणायची, "फेटाळलं ना? मग झालं."

पुढे मात्र ती सुट्टी मिळाली की त्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसायला लागली. परक्यांचे खटले ऐकायची. मला वाटायचं, ही बाई स्वतःच्याच जखमेवरची खपली काढायला जाते.

मतदानाआधीच्या शनिवारी आमच्याकडे अग्निशमन केंद्रात बीन सूपचं जेवण असतं. उमेदवार ॲप्रन बांधून गावाला वाढतात, आणि जेवणं झाली की ज्याला बोलायचं असेल तो उठून बोलतो. त्या वर्षी बायडलमन मक्याचा पाव वाटत सगळ्यांच्या पाठी थोपटत होता. स्ट्राम मोठ्या पातेल्यावर वाकले होते. आर्डिथने वाडगा पुढे केला. त्यांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कुठून?

"वरचं पाणी नको, तळाचं घाला," ती म्हणाली. त्यांनी निमूटपणे पळी तळाशी घातली.

"आता बघ, म्हाताऱ्याची कशी पिसं काढते," शेजारी बसलेला डेलबर्ट न्हावी मला म्हणाला, आणि मग ओरडलाच, "आर्डिथ, ऊठ ना! तुझ्या पोराला आत ठेवणारा समोर उभाय. आज नाही तर कधी?"

लाइलनेही फोनवर तिला हेच सांगितलं होतं. आई, गावाला सांग, तुझं ऐकतात.

आर्डिथ उठली. "त्या कोर्टात तुमच्यापैकी कोण गेलंय?" कोणीच नाही. "मी जाते. तिथे काही जण घड्याळाकडे बघत ऐकतात. काहींनी कागद उघडलेले नसतात, ते लगेच कळतं. माझ्या लाइलचे कागद आमच्या वकिलानेसुद्धा धड वाचले नव्हते. ह्यांनी वाचले होते. पोरगा गाडीत बसून रडत होता, असं कुठल्याशा साक्षीत आलं होतं. आमचा वकील ते विसरला. ह्यांनी ते काढलं आणि सरकारी वकिलाला विचारलं, 'रडणाऱ्या मुलाला आत काय चाललंय ते माहीत होतं, हे कशावरून म्हणता?' तो म्हणाला, आदल्या दिवशी दुकानाचं मागचं दार बघून आला तो हाच मुलगा." ती थांबली. "ते खरं होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. हा बायडलमन कसा ऐकतो, ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. माझं मत स्ट्रामना."

न्यायाधीश म्हणून खटल्यावर बोलायची स्ट्राम यांना मुभा नव्हती. ते पळी धरून तसेच उभे राहिले. जिच्याशी मी रोज कुंपणावरून गवत कापायच्या गप्पा मारायचो, ती बाई एवढी मोठी होती आणि मला पत्ताच नव्हता.

मंगळवारी बायडलमन निवडून आला. आमच्या गावाने स्ट्रामना भरभरून मतं दिली, पण कोचचं नाव आसपासच्या सगळ्या परगण्यांत पोचलं होतं, आणि आर्डिथ फक्त आमच्याच गावात होती.

रविवारी मी तिच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बघत होतो, तेव्हा लाइलचा फोन आला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"आई, पडला ना तो! तू बोललीस ना?"

"बोलले. त्याच्या बाजूने. मतही त्यालाच दिलं."

मी पाना खाली ठेवला.

"आई, मी तुझा मुलगा आहे गं."

"म्हणूनच इतकी वर्षं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या मागच्या दाराचंही बोलावं लागलं असतं."

तो हळूच म्हणाला, "मला तिथे कोणी नेलंच नाही. मला वाटायचं, माझे कागद कोणी उघडलेसुद्धा नसतील."

"उघडले होते, बाळा. तू गाडीत रडत होतास, ते त्याला ठाऊक होतं."

"ते त्याला ठाऊक होतं?"

"हो."

"मग सगळं सांग. पहिल्यापासून."

आर्डिथने खुर्ची ओढली आणि कोर्टाच्या दारापासून सांगायला सुरुवात केली. मी नळ तसाच गळता ठेवून हळूच बाहेर पडलो.