नानांचं 'येस'

गेल्या रविवारी शिंदखेड्याला जाऊन आले. कारण विचाराल तर, आईचा कॉम्प्युटर पिवळा पडला होता...

आईचा म्हणजे खरं तर नानांचा, माझ्या शाळामास्तर वडिलांचा. मी कॉलेजात असताना त्यांनी घेतलेला डेस्कटॉप. नाना जाऊन दीड वर्ष झालं, पण आई रोज संध्याकाळी तो चालू करते आणि समोर बसते. तिला माउससुद्धा नीट धरता येत नाही. मग बसून करते काय, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दसऱ्यानंतर तिचे अहिराणीतले फोन सुरू झाले, सगळं पिवळं दिसतं म्हणून. "बठ्ठं पिवयं दिखस. आनि ते तं दिखतच नही." 'ते' म्हणजे काय विचारलं, की "तू ये तं खरी" एवढंच.

मी जळगावला नोकरी करते. ऑफिसात प्रिंटर अडला तरी मलाच हाक मारतात, त्यामुळे मला जरा शिंगं फुटलेली आहेत. मी म्हटलं, आई, सोड आता तो डबा... तुला टॅब आणते, त्यात नानांचे सगळे फोटो टाकून देते. तिने फोनच ठेवून दिला. आमच्या घरात भांडण असंच होतं.

गावातल्या दुरुस्तीवाल्याने मॉनिटर गेला म्हणून सांगून टाकलं होतं. मग रविवारी सकाळची गाडी पकडली.

गेल्या गेल्या बघते तर खरंच सगळं पिवळं. स्क्रीनवरची एरवी पांढरी दिसणारी खिडकी हळदीत बुडवल्यासारखी. आई मागे उभी, पदर तोंडाला लावून... पेशंट तपासणाऱ्या डॉक्टरांकडे घरचे बघतात तशी माझ्याकडे बघत होती.

सेटिंग पाहिली, ठीक. रॅम काढून खोडरबराने घासली, फरक शून्य. मग मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडला, तर त्यातले रंग अगदी जिथल्या तिथे! म्हणजे मॉनिटर धडधाकट होता, पांढऱ्यातला निळा रंग वाटेतच कुठेतरी अडकत होता आणि मागे पिवळा उरत होता. माझी मान लगेच ताठ झाली.

कॉम्प्युटर बंद केला, मागचे दोन स्क्रू फिरवून मॉनिटरची केबल काढली. आणि प्लगच्या तोंडाशी बघते तर... कुंकू. ओलं लावून वाळलेलं, पिनांमध्ये घट्ट बसलेलं.

नाना दसऱ्याला कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढायचे, धूळ पुसायचे, कॅबिनेटला एक बोट कुंकू लावायचे आणि वायरी परत जोडायचे. गेल्या वर्षी दुखवट्यात ते राहून गेलं, यंदा आईने ते सगळं एकटीने केलं होतं, नाना करायचे त्याच क्रमाने. फक्त कुंकू तिने एकेका वायरीच्या तोंडाला लावलं होतं.

"त्या नहीत, मंग मीच पूजा करी," आई म्हणाली. "बठ्ठास्ले कुकू लावं. एकबी सोडं नही."

मला हसू आलं, आणि तिचा चेहरा बघून ते तिथेच जिरलं. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, कापूस आणि जुना टूथब्रश घेऊन पाऊण तास एकेक पीन साफ केली. चालू केलं... खिडकी पांढरी. मी म्हटलं, झालं बघ. आई म्हणाली, "आते हात नको लावू."

का, ते कळेना. पण बसले तिच्या शेजारी. पाच मिनिटं झाली, दहा झाली... स्क्रीन काळी झाली, आणि उजवीकडून तीन निळी इंग्रजी अक्षरं सरकत आली. वाय, ई, एस.

नानांचा स्क्रीनसेव्हर! मी साफ विसरून गेले होते. काळ्यावर निळी अक्षरं, आणि निळाच रंग गेलेला, मग दिसणार कशी?

नानांना मराठी टायपिंग जमायचं नाही, म्हणून त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं ते अहिराणी 'येस' होतं. येस म्हणजे येतो. घरातून निघताना नाना कधी 'जातो' म्हणाले नाहीत, चप्पल घालता घालता 'येस' म्हणायचे आणि आई आतून 'या' म्हणायची. कॉम्प्युटर सोडून बाहेर गेले की मागे तो 'येस' म्हणत राहायचा. पाहुण्यांना वाटे, मास्तर फार इंग्रजी झालेत. मीही चिडवायचे, नाना, कधी 'नो' पण टाका की.

शेवटी त्यांना धुळ्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. गाडीचं दार लागलं. ते काही बोलू शकले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणून आईचं 'या'ही राहून गेलं. नाना परत आले नाहीत...

अक्षरं हळूहळू डावीकडे सरकत स्क्रीनच्या बाहेर निघाली. आणि शेजारी बसलेली आई अगदी सहज, रोजच्या आवाजात म्हणाली, "या."

दीड वर्ष ती रोज संध्याकाळी हेच करत होती. आणि मी तिला टॅब देऊ करत होते... माझी मलाच लाज वाटली. फार आठवण आली नानांची. त्यांची ती चप्पल घालण्याची घाई, खिशात पेन चाचपणं, सगळंच.

केबल जोडताना प्लगच्या बाहेरच्या बाजूला थोडं कुंकू राहिलं होतं. ते मी पुसलं नाही.

संध्याकाळच्या गाडीला निघताना माझं नेहमीचं 'चल आई, निघते' ओठांवर आलं होतं. ते मागे घेतलं आणि चप्पल घालता घालता म्हटलं, येस.

आई आतून म्हणाली, "ये."