बेटावरून पळालेला माणूस

त्या बेटाचा विषय निघाला की आजही मला एका जागी बसवत नाही. ठाण्याच्या खाडीतलं ते बेट. पूर्वी तिथे कैद्यांना दगड फोडायला नेत. गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ आली तेव्हा सरकारने त्याच दगडी बराकी संशयित रोग्यांसाठी उघडल्या. भिंतीतल्या बेड्या अडकवायच्या कड्या काढायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही.

मी तेव्हा ठाण्याला फौजदार होतो. कल्याण स्टेशनात डॉक्टर उतारूंना तपासत. कळव्याच्या एका मिठागर कामगाराचं कपाळ गरम लागलं म्हणून त्याला बेटावर धाडलं, आणि तिथून तो पोहून पळाला. हुकूम स्पष्ट होता. तो गावात सापडला तर सगळं गाव उचलून बेटावर न्यायचं. बायकापोरांसकट! मला अन्न गोड लागेना.

गावकरी एकसुरात सांगत होते की तो बुडाला, प्रेत किनाऱ्याला लागलं, आम्ही जाळलं. आमच्या जमादाराला ते पटलंही. पण एका ताडीवाल्याने हळूच खबर दिली, "साहेब, त्या गावात कोणी मेलेलं नाही."

मी पळालेल्याच्या धाकट्या भावाला चौकीवर आणवलं. त्या दिवसांत जो तो तोंडाला कापराचं फडकं बांधून फिरे, तसं त्यानेही बांधलं होतं.

"अग्नी कोणी दिला?"

"मीच दिला, साएब."

गोडीने विचारलं, दरडावून विचारलं, गडी हलेना. मी नुसत्या येरझारा घालत होतो. शेवटी वैतागून म्हणालो, "ते फडकं सोड आधी. धड ऐकू येत नाही."

फडकं सुटलं. ओठावर चांगली भरदार मिशी! थोरल्या भावाची क्रिया करणारा मिशी ठेवत नाही, हे कळायला फौजदार व्हावं लागत नाही.

"ही कशी राहिली रे?"

त्याचा हात मिशीकडे गेला. "तुमाला खोटा सांगला, साएब. पन जित्या भावाचे नावान मिशी कशी काराची? त्याला काय झाला तं?" पोलिसांशी खोटं बोलायची त्याची तयारी होती, भावाचं अशुभ करायची नव्हती.

त्यानेच आम्हाला मिठागराच्या पार टोकाच्या झोपडीकडे नेलं. थोरल्याने गावात पाऊल टाकलं नव्हतं, म्हणजे गाव हुकुमातून सुटलं. आम्हाला पाहून तो ओरडला, "गोली घाला, पन तिथं नको! माजा आजा तिथंच मेला, दगर फोरताना."

डॉक्टरला बोलावून तपासलं. ताप नाही, गाठ नाही. तरी डॉक्टर म्हणे, परत बेटावर. मी त्याच्याशी हुज्जत घातली. झोपडी शिवेबाहेर आहे, पहारा माझा, वेगळं ठेवायची मुदत इथेच भरू दे. तो कसाबसा कबूल झाला. रोज शिपाई परतला की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचो.

मुदत भरली, गडी ठणठणीत राहिला. मग पळाल्याबद्दल मी त्याच्यावर रीतसर खटला भरला. मॅजिस्ट्रेटने विचारलं, "का पळालास?"

"पलालो म्हनून तं तुमच्यासमोर हुबा हाय, साएब."

ते खरं होतं. बेटावरच्या त्याच्या बराकीतलं कोणीच घरी परतलं नव्हतं. माणूस कायदा मोडतो तेव्हा तो कशाला भ्याला होता हे आधी पाहावं, एवढं त्या तपासाने मला शिकवलं. त्याला थोडी कैद झाली. आरोपी शिक्षा भोगायला जिवंत आहे याचा आनंद मला सबंध नोकरीत त्या एकदाच झाला.