खांबाला दिलेली शांती

कवळीवाल्यांना यंदाच्या नाताळात मनःशांती हवी होती, आणि ती शक्यतो थोरल्या भावाशी एक अक्षरही न बोलता हवी होती. त्यासाठी बाकी वाटेल ते करायची त्यांची तयारी होती. डिसेंबर लागताच त्यांनी दुकानातल्या टेबलावरचे प्लास्टरचे जबडे बाजूला सारून एक मेणबत्ती लावली आणि रोज सकाळी तिच्यासमोर डोळे मिटून बसू लागले. डोळे मिटले की दादाचे दात दिसायचे.

त्यात नवल नव्हतं, कारण ते दात समोरच्याच फळीवर काचेच्या बरणीत होते. हकिगत अशी. दादा चर्चच्या गायकांचा प्रमुख. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या जेवणात, सगळ्या गोतावळ्यासमोर, तो म्हणाला, "यापुढे तू चर्चमध्ये नुसतं तोंड हलव. आवाज काढू नकोस, कृपा कर." सगळे हसले. कवळीवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. "ज्या दातांनी बोलतोयस ना, ते मी करून दिलेत," ते म्हणाले, "नाहीतर नुसतं दूध पीत बसला असतास." दादाने शांतपणे घास गिळला, कवळी काढली, भावाच्या ताटात ठेवली आणि बोळक्या तोंडाने घरी निघून गेला.

तेव्हापासून अबोला. दादाने दुसरीकडून कवळी करून घेतली. ही बरणीतच राहिली. कवळीवाले दर रविवारी तिचं पाणी बदलत. बायकोने विचारलंच तर म्हणत, "माल खराब होतो."

दुसऱ्याने केलेली ती कवळी हा वेगळाच छळ होता. दादा गायला लागला की ती टक टक वाजायची. बाकीच्यांना ते ऐकू येत नसे. कवळीवाल्यांना दुसरं काही ऐकू येत नसे. लोक तारणाऱ्याच्या येण्याची वाट बघत आणि हे मनात म्हणत, वरची आहे, डावीकडून सैल. त्यात प्रार्थनेच्या मध्येच ती घडी यायची, जवळच्या माणसाचा हात हातात घेऊन 'तुला शांती लाभो' म्हणायची. दादाशी गाठ पडायला नको म्हणून त्यांनी खांबाआडची जागा धरली होती. तिथे शेजारी कुणी नसे. बायको पुढे मैत्रिणींबरोबर बसे. कुणाला वाईट दिसू नये म्हणून ते खांबालाच हात लावून मोकळे होत.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात ते पापनिवेदनाला गेले. फादर पाच-दहा प्रार्थना म्हणायला सांगतील आणि विषय मिटेल अशी आशा होती. प्रार्थना उरकता येतात. जाळीपलीकडून फादरांनी सगळं ऐकून घेतलं.

"खांब काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"कुठला खांब, फादर?"

"मला वेदीवरून सगळं दिसतं."

कवळीवाले जाळीपासून जरा मागे सरकले.

"शांती हवीय म्हणता," फादर म्हणाले. "देव त्यासाठी स्वतः माणूस होऊन खाली आला. तुम्हाला दोन गल्ल्या ओलांडायच्यात."

त्याच संध्याकाळी बरणी पिशवीत घालून ते दादाच्या दारात उभे राहिले. वहिनीने दार उघडलं. दादा दुधात पाव बुडवून खात होता. हलणारी कवळी शेजारच्या वाटीत पडली होती. कवळीवाल्यांनी काही न बोलता बरणी पुढे केली. दादाने दातांकडे बघितलं, मग पाण्याकडे. पाणी स्वच्छ होतं. त्याने दात तोंडात घातले आणि ते लगेच बाहेर घसरले.

हिरड्या झिजतात, जबड्याचा आकार बदलतो, हे कवळीवाले गिऱ्हाइकांना उठता-बसता सांगत. स्वतःच्या भावाचा जबडा मात्र आपल्यासाठी तसाच थांबला असेल, असं ते धरून चालले होते.

"नवं माप घ्यावं लागेल," ते पुटपुटले. सामान पिशवीत होतं. ते कायमच असे. त्यांनी पेस्ट कालवली, साच्यात भरली, साचा दादाच्या तोंडात घालून टाळूशी दाबून धरला. "आता हलायचं नाही. बोलायचं तर अजिबात नाही."

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आता घटकाभर दादाला उलट बोलता येणार नाही.

"दादा, माझं चुकलं," ते घाईघाईने म्हणाले. "दात मी प्रेमाने करून दिले होते, आणि सगळ्यांसमोर उपकार म्हणून काढून दाखवले. लाज वाटते मला. दोन वर्षं गाणं सुरू झालं की तुझ्याकडे बघवत नाही. नाताळ येतो, पण आमच्याकडे आल्यासारखा वाटत नाही." तोंड एकदा उघडल्यावर ते थांबेनात. लहानपणी दादाची सायकल कुणी मोडली, तेही सांगून झालं. दादा "अं, अं" करत होता.

"भावजी," वहिनी म्हणाली, "ती पेस्ट कधीच सुकली. सोडा आता त्यांना, लाल झालेत."

साचा निघाला. दादाने एकाच रुमालाने लाळ पुसली आणि डोळेही पुसले. "तू बेसूरच गातोस," तो बोळक्या तोंडाने म्हणाला. "ते मी मागे घेणार नाही." मग जरा थांबून, "पण देवासमोर कुणाला गप्प बसवणारा मी कोण?"

नाताळच्या सकाळी नवी कवळी दादाच्या तोंडात घट्ट बसली होती. गाणं सुरू झालं. टक टक नाही. कवळीवाले सवयीने कान लावून बसले, आणि ऐकण्यासारखं काही नाही म्हटल्यावर बऱ्याच काळाने प्रार्थनेला लागले. मागायचं मात्र काही सुचेना. गव्हाणीतल्या बाळाकडे बघत ते नुसते बसून राहिले. मन भरून आलं आणि हलकंही झालं. हा आपल्यासाठीसुद्धा आला, एवढंच त्यांना कळलं, आणि तेवढं पुरलं.

शांती देण्याची घडी आली तेव्हा त्यांचा हात सवयीने खांबाकडे गेला. तिथे दादा उभा होता, गायकांची रांग सोडून आलेला. त्याने तो हात धरला आणि ओढत नेऊन त्यांना गायकांमध्ये उभं केलं.

"गा," तो म्हणाला.

कवळीवाले गायले. मनापासून, मोठ्याने आणि भलतीकडेच. पुढच्या बाकावर त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. फादर वेदीवरच्या पुस्तकात तोंड खुपसून उभे राहिले. दादाने डोळे मिटले, नवे दात एकमेकांवर घट्ट दाबले, आणि गाणं संपेपर्यंत भावाचा हात सोडला नाही.